शून्य कुणाला द्यायचं?

तुळजापुरात घर असणं म्हणजे काय, हे तुळजापुरात घर नसलेल्यांना सांगून कळत नाही. अर्ध्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे अर्धा महाराष्ट्र आमचा नातेवाईक लागतो. ज्यांना आमचं आडनाव धड लिहिता येत नाही, त्यांना आमच्या घराचा रस्ता मात्र पाठ असतो. महाद्वाराकडून आलं की कुठे वळायचं, परडी-कवड्यांच्या कुठल्या दुकानाशी गाडी लावायची आणि आमच्या न्हाणीघराच्या कडीला कसा हिसका द्यायचा, हे ठाण्याच्या माणसाला तोंडपाठ.

येणारे एकवेळ परवडले. खरी पंचाईत न येणाऱ्यांची. "यंदा काही जमत नाही बघ. तेवढा देवीचा प्रसाद पाठव." दसऱ्याला सीमोल्लंघन करून आई भवानी पलंगावर निजते ती थेट पौर्णिमेला उठते. आम्हाला ती सोय नाही. तिची निद्रा सुरू झाली की आमच्या घरात पुडे बांधायचा कारखाना सुरू होतो. कोजागिरीला सोलापूरकडून चालत येणाऱ्यांचा लोंढा गावात शिरतो तोवर पुडे बांधून, नावं चिकटवून, ज्याच्या त्याच्या गाडीत पडलेले असावे लागतात.

पुड्यात काय असतं यावरून आजवर कुणी भांडलेलं नाही. कुंकू, कवडी, खडीसाखर. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. भांडण होतं ते किती पुडे यावरून. थोरल्या काकांकडे तीन जातात, कारण त्यांचे तीन मुलगे वेगळे राहतात. ते एकत्र राहत होते तेव्हाही तीनच जायचे, कारण काका थोरले. सोलापूरच्या मावशीला दोन. लातूरच्या आत्याला एक, कारण ती एकटी, आणि "एकटीला एकच देता होय रे?" हे वाक्य ती दरवर्षी त्याच स्वरात म्हणते. बार्शीच्या व्याह्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे मी येतोच.

ही सगळी घटना लिखित नाही. ती माझ्या डोक्यात आहे आणि दुरुस्तीचे अधिकार आमच्या सौ.कडे आहेत. अशा कारभारात एकदा आमच्या पुण्याच्या ताईचा मुलगा कुळधर्माला आला. हिंजवडीत कुठल्याशा परदेशी बँकेचं काम करतो. मी चष्मा लावून चिठ्ठ्यांवर नावं लिहीत बसलेला पाहून त्याला गलबलून आलं.

"मामा, हे हातानं लिहिताय? ही एका ओळीची गोष्ट आहे."

"सतरा घरं आहेत. एका ओळीत मावतात का?"

"ओळ म्हणजे आज्ञा. कॉम्प्युटरला."

इथे माझा स्वाभिमान जागा झाला. मी शाळेत लेखनिक होतो आणि एमएस-सीआयटी पास आहे. २००१ साली एमकेसीएल निघाली आणि पुढे सरकारी-निमसरकारी नोकरांच्या वेतनवाढीची गाठ त्या प्रमाणपत्राशी अशी पक्की बसली, की ज्यांनी जन्मात माऊस धरला नव्हता त्यांनीही तो देवाचा गोटा धरावा तसा दोन्ही हातांनी धरला. त्या पिढीचा मी. त्यामुळे "मला एक्सेल येतं" असं मी बाणेदारपणे म्हणालो. भाचा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं लॅपटॉप उघडला.

त्यानं सांगितलं ते असं. केनेथ आयव्हर्सन नावाचे कॅनडात जन्मलेले एक प्राध्यापक हार्वर्डला शिकवत होते. फळ्यावर लिहायला गणिताची नेहमीची चिन्हं पुरेनात, म्हणून त्यांनी स्वतःची काढली. १९६२ साली त्यावर पुस्तक लिहिलं, त्या पुस्तकाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून एपीएल ही भाषा झाली आणि १९७९ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. चिन्हं इतकी वेगळी, की ती टंकायला आयबीएमच्या टंकयंत्रात अक्षरांचा निराळा गोळा बसवावा लागे. शाळेतल्या टंकयंत्रावर 'कुऱ्हाड' टंकताना घाम गाळलेला माणूस मी. मला त्या प्राध्यापकांबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

"आणि मुख्य म्हणजे," भाचा म्हणाला, "या भाषेत एकेका वस्तूशी बोलायचं नसतं. अख्ख्या यादीशी एकदम बोलायचं."

"आमच्या नातेवाइकांत ते शक्य नाही," सौ. आतून म्हणाली. "एकाशी बोललं की दुसऱ्याला राग येतो."

यंत्र मात्र चोख होतं. मध्ये एक तिरपी रेघ, तिचं नाव रेप्लिकेट. उजवीकडे नावांची यादी, डावीकडे आकड्यांची. ज्या नावासमोर तीन, ते नाव तीनदा उतरतं. दोन असेल तर दोनदा. एक असेल तर एकदा. शून्य असेल तर नाव गळतं. आधी म्हणे या रेघेला फक्त एक आणि शून्यच कळायचं, म्हणजे ठेवा नाहीतर गाळा. आमच्या देवळातल्या चिंतामणीसारखं: हात ठेवून प्रश्न विचारावा, दगड उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही. पुढे लोकांना वाटलं, ठेवायचंच आहे तर दोनदा-तीनदा का ठेवू नये? मग रेघेला कुठलाही आकडा चालू लागला. माणसाचा स्वभावच असा आहे. देवानं नुसतं 'हो' म्हणून भागत नाही, 'किती' तेही सांगावं लागतं.

मी सतरा नावं सांगितली. सौ.नं आकडे सांगितले. भाच्यानं कळ दाबली. पडद्यावर उमटलं: लेंग्थ एरर.

"आकडे अठरा झालेत, मामा. नावं सतराच आहेत."

"अणदूरच्या नातसुनेचा मी वेगळा धरलाय," सौ. म्हणाली.

"मग तिचं नाव यादीत घाला."

"नाव कशाला? ती त्यांच्यातच राहते. पुडा वेगळा, नाव एकत्र."

हे एपीएलला कळेना. भाचा ते समजून घ्यायच्या भानगडीत पडला नाही. त्यानं तोडगा काढला: डावीकडे एकच आकडा लिहायचा. एकच लिहिला की भाषा तो सगळ्यांना लागू करते. दोन लिहिलं की सर्वांना दोन-दोन, भांडणच नको.

आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. सर्वांना सारखं? मग थोरले काका थोरले कशावरून?

शेवटी अणदूरचे आकडे एकत्र केले आणि गाडी बार्शीच्या व्याह्यांपाशी आली. एका लग्नात आहेराच्या टॉवेलवरून त्यांचं आमचं बिनसलं आहे. टॉवेल कसा होता, यावर दोन्ही घरांत स्वतंत्र वाङ्मय आहे. ते इथे देत नाही. मी म्हणालो, "बार्शी शून्य." कळ दाबली. यादी झरझर उतरली. थोरले काका, थोरले काका, थोरले काका, मावशी, मावशी... बार्शी कुठेच नाही. जिथे असायला हवी तिथे खाच नाही, वण नाही. वरचं नाव खालच्या नावाला बिनदिक्कत चिकटलेलं. मला मनातून फार बरं वाटलं.

सौ.ला बरं वाटलं नाही. "हे काय? नावच गेलं?"

"शून्य दिलं ना मामी. शून्य म्हणजे गाळलं."

"अरे, पण त्यांना दिलं नाही हे दिसायला नको का? नावच गेलं तर अपमान कसा होणार?"

भाच्यानं क्षणभर विचार केला आणि त्याचे डोळे चमकले. एपीएलच्या डायलॉग नावाच्या अवतारात म्हणे आकडा उणेही चालतो. उणे एक लिहिलं की नाव जातं, पण त्याच्या जागी एक रिकामी जागा राखली जाते. उणे दोन लिहिलं की दोन रिकाम्या जागा. म्हणजे शून्य दिलेला माणूस कधी नव्हताच असा होतो, आणि उणे एक दिलेला माणूस असतो, पण त्याचं ताट वाढलेलं नसतं. कॅनडातल्या प्राध्यापकांच्या शिष्यपरंपरेनं व्याह्यांची इतकी बारीक सोय करून ठेवली असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. सौ.नं तिथल्या तिथे उणे एक मंजूर केलं. त्या भाषेबद्दल ती पहिल्यांदाच चांगलं बोलली.

मग तिनं भिंतीकडे बोट केलं. "यात नवं काय आहे पण? हे तर त्यात आहे."

भिंतीवर कालनिर्णय होतं.

भाचा दिनदर्शिका बघतो ती सुट्ट्या शोधायला. त्याला तिथीचं गणित सांगावं लागलं, आणि माझ्या आयुष्यात प्रथमच मी त्याला काहीतरी शिकवलं. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल कधी जलद, कधी मंद, त्यामुळे तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते तर कधी सव्वीस तासांपर्यंत रेंगाळते. दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाला जी तिथी असेल तिचं. एखाद्या तिथीला दोन सूर्योदय सापडले तर ती दोनदा छापायची, ती वृद्धी. एकही सापडला नाही तर ती गाळायची, तो क्षय. बाकीच्या एकेकदा. म्हणजे उजवीकडे पंधरा तिथी, डावीकडे एक, एक, दोन, एक, शून्य, एक असे आकडे, आणि मध्ये तिरप्या रेघेच्या जागी सूर्य.

"बाप रे," भाचा म्हणाला. "हे रेप्लिकेट आहे."

"हे पंचांग आहे," सौ. म्हणाली.

२०२५ साली याच कारणानं नवरात्र दहा दिवसांचं झालं होतं. २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला. नऊ दिवसांचा उपास करणाऱ्यांनी दहावा दिवस कुठल्या खात्यातून आणला, हे ज्याचं त्याला माहीत. आमच्या घरी साबुदाणा नऊ दिवसांच्या हिशेबानं भिजत होता, आणि वाढीव तिथीचा सगळा भार माझ्या वाट्याच्या वरीवर पडला.

आणि अधिक मास तर उघड उघड भरतीच. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवस कमी पडतात. ते साचत साचत साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पुरा एक महिना कमी भरतो, मग तिथे एक महिना घालायचा. नवं नाव शोधायच्या भानगडीत पडायचं नाही. पुढच्याच महिन्याचं नाव उचलायचं आणि आधी 'अधिक' लावायचं. २०२० साली अधिक आश्विन आला आणि पितृपक्ष संपल्या-संपल्या बसणारे घट एक महिना उशिरा, १७ ऑक्टोबरला बसले. भरतीचा महिना म्हणून त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. नुसता भरलेला. कॉम्प्युटरची रिकामी जागा आणि अधिक महिना यांत फरक एवढाच, की कॉम्प्युटरची जागा फुकट असते. आपल्याकडे त्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यावे लागतात. वर धोंडे. कालगणनेत अकरा दिवसांचा घोळ चंद्रानं घालायचा आणि भरपाई सासऱ्यानं करायची, असा हा जुना करार आहे. माझे दोन जावई खगोलशास्त्रात काडीचा रस घेत नाहीत. पण अधिक महिना कधी लागतो ते मला आधी सांगतात.

नावं तयार झाली. आता छपाई. स्टिकरच्या एका पानावर चोवीस चौकोन, आणि आमची नावं त्या पानात पुरी बसेनात. पहिलं पान भरून गेलं, दुसऱ्यावर सातच नावं उरली. सतरा चौकोन रिकामे. कोरे राहिले तर राहिले, असं कुठलाही साधा माणूस म्हणेल. भाचा साधा माणूस नाही.

"मामा, आता फिल."

आहे सात आणि मागायचे चोवीस. आहे त्यापेक्षा जास्त मागितलं की काय करायचं, यावर या भाषांत घराणी पडली आहेत. एपीएलचं घराणं सरळ आहे: यादी आकड्यांची असेल तर उरलेल्या जागी शून्य, अक्षरांची असेल तर कोरी जागा. एक्सेलमध्ये एक्स्पांड नावाचं सूत्र आहे. त्याला दुसरं काही सांगितलं नाही तर ते प्रत्येक रिकाम्या चौकोनात 'एन/ए' लिहून ठेवतं. लागू नाही. माझं एमएस-सीआयटीचं मन यावर लगेच बसलं, पण "श्री. लागू नाही यांस सप्रेम" असे सतरा पुडे कुणाला द्यायचे, या प्रश्नानं मी माघार घेतली.

एपीएलच्या कोऱ्या जागेत एक खुबी आहे, ती ऐकून मात्र मी हात जोडले. यादीत नावं वेगवेगळ्या लांबीची असतील तर रिकाम्या जागेचं माप कुठलं धरायचं? भाषा म्हणते, पहिल्या नावाचं. यादीत पहिलं नाव थोरल्या काकांचं, तेही 'श्रीयुत'पासून 'साहेब'पर्यंत लांब. त्यामुळे पुढची प्रत्येक कोरी जागा बरोबर थोरल्या काकांच्या नावाएवढी लांब. आमच्या घराण्याची सगळी समाजरचना त्या एका नियमात आली. काका हजर असोत की नसोत, घरातली प्रत्येक रिकामी खुर्ची त्यांच्याच मापाची असते.

भाच्याचं घराणं तिसरं. त्याच्या बँकेत चालतं ते के या भाषेच्या वंशातलं. आर्थर व्हिटनी नावाच्या गृहस्थांनी ती काढली. शेअर बाजारातल्या आकड्यांचे डोंगर उपसायला मोठमोठ्या बँका तिचे वंशज वापरतात. या घराण्यात कोऱ्या जागेचं नावच नको. यादी संपली आणि मागणी उरली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक, दोन, तीन संपलं, अजून दोन हवेत? घ्या: एक, दोन. बाजारातल्या भावांसाठी आणखी एक युक्ती आहे: एखाद्या क्षणाचा भावच नसेल तर आधीचा शेवटचा भाव खाली ओढायचा. आमच्या कीर्द-खतावणीच्या वह्यांवर 'मागील पानावरून पुढे' असायचं, तेच. फक्त आमच्या वह्यांत त्यानंतर बेरीज चुकायची.

रात्रीचे अकरा वाजले होते, मला झोप येत होती. भाच्यानं सवयीनं के वापरली आणि यादी बाजारपेठेतल्या दुकानात छापायला पाठवून दिली. दुकानदाराचा सकाळी फोन. "सर, दोन पानं निघाली, चोवीस नि चोवीस. एक सोडला तर एकबी चौकोन कोरा नाही. लई भारी झालं बघा."

लई भारी झालं. सौ.नं शेजारच्या मुलींना बसवून जेवढे चौकोन तेवढे पुडे बांधले. कवड्या कमी पडल्या म्हणून आणखी आणल्या. पुडे रवाना झाले. तिसऱ्या दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो पडू लागले. या गटावर एरवी फक्त सुप्रभात असतं. त्या दिवशी हिशेब आला. दुसऱ्या पानावर सात नावं तीनदा छापून झाली होती, आणि वर पहिली तीन चौथ्यांदा. ज्याला आयुष्यात एकाहून जास्त पुडे गेले नव्हते असा बोरिवलीचा चुलत मेहुणा तीन पुडे ओळीनं मांडून "भवानीची कृपा" असं लिहून मोकळा झाला.

लातूरच्या आत्याचा फोन आला.

"माझं नाव कुठल्या पानावर होतं रे?"

"पहिल्या."

"म्हणजे शेवटच्या पानावरच्यांना तीन-तीन, आणि म्हातारी पहिल्या पानावर म्हणून एक?"

"आत्या, ती के नावाची भाषा..."

"भाषा कुणाची का असेना. वाढणारा हात घरचाच असतो."

भाचा शेजारीच बसला होता. मी फोन त्याच्याकडे दिला. आत्यानं त्याला मिनिटभरात आवर्ती भरणाचे तोटे पटवून दिले.

बार्शीचा निरोप सर्वात शेवटी आला. कोऱ्या चिठ्ठीचा पुडा त्यांच्याकडे पोचला होता. आमच्या उणे एकाचा परिणाम काय झाला? व्याही म्हणाले, "नाव लिहायची गरज वाटली नाही, एवढी आपुलकी." संबंध पूर्ववत झाले. सौ. अजून त्या भाषेवर नाराज आहे.

या सगळ्यातून भाच्यानं काही बोध घेतला असेल असं वाटत असेल तर तुम्हाला भाचे नाहीत. दुसऱ्या दिवशी तो जे नावाच्या भाषेवर आला. हीही आयव्हर्सन यांचीच. १९९० साली रॉजर ह्यूई यांना बरोबर घेऊन काढलेली. इथे तिरप्या रेघेऐवजी हॅशचं चिन्ह, आणि त्या क्रियेला सरळ 'कॉपी' म्हणतात. आणि डावीकडे चक्क संमिश्र संख्या चालते. वास्तव भाग सांगतो किती प्रती काढायच्या, काल्पनिक भाग सांगतो त्यांच्यामागे किती रिकाम्या जागा सोडायच्या. '१जे१' लिहिलं की प्रत्येक वस्तूची एक प्रत आणि तिच्यामागे एक भरणा. भरणा कशाचा, तेही आपण ठरवू शकतो. शाळेत या संख्या शिकताना "यांचा उपयोग काय?" असं मी विचारलं होतं आणि छडी खाल्ली होती. उपयोग हा होता. नसलेल्या गोष्टी किती आहेत ते मोजायला नसलेल्या संख्या.

"उदाहरण दे," मी म्हणालो.

उदाहरण गावातच होतं. नवरात्रात एका मंडळाच्या कार्यक्रमात एका वक्त्याचं भाषण आम्ही दोघांनी ऐकलं होतं आणि भाच्यानं ते मोबाइलवर घेतलं होतं. त्याचे शब्द यादीत उतरवले आणि 'या ठिकाणी', 'त्या माध्यमातून', 'निश्चितपणे' आणि 'खऱ्या अर्थानं' या चौघांच्या समोर शून्य दिलं. कळ दाबली. पाऊण तासाच्या भाषणातून उरलं ते असं: उपस्थितांचे स्वागत, आईच्या कृपेने, आभार, आणि एक फोन नंबर.

मला फार हसू आलं. भाचा म्हणाला, "मामा, त्याच कार्यक्रमात तुमचं प्रास्ताविक होतं. तेही आहे माझ्याकडे." त्यातून काय उरलं ते मी सांगणार नाही. फोन नंबर नव्हता, एवढंच सांगतो.

पण एक गोष्ट त्यानं उलटी करून दाखवली ती पटली. एक साधं वाक्य घेतलं: "पाणी उद्या येईल." डावीकडे १जे१ आणि भरण्याला 'या ठिकाणी'. उमटलं: "पाणी या ठिकाणी उद्या या ठिकाणी येईल या ठिकाणी." ऐकताच मला पाण्याबद्दल विश्वास वाटू लागला. आधीच्या वाक्यात ते नव्हतं. संस्कृत कवींनी हे फार आधी ओळखलं होतं. वृत्तात एखादं अक्षर कमी पडलं की ते च, वै, तु, हि यांपैकी एखादं बसवून चरण पुरा करत, आणि त्याला उजळ माथ्यानं पादपूरण म्हणत. आपल्या वक्त्यांचा चरण जरा लांब असतो, इतकंच.

भरणा करण्याची आपल्याला लाज नाही, धाक आहे तो रिकाम्या चौकोनाचा. एका कार्यालयात मी अर्ज दिला. त्यातल्या 'इतर माहिती' या रकान्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून तो कोरा सोडला. पलीकडून अर्ज परत आला.

"हे कोरं कसं?"

"माहिती नाही म्हणून."

"मग निरंक लिहा."

मी निरंक लिहिलं. अर्ज घेतला गेला. दोन्ही अर्जांत माहिती सारखीच होती. 'याच्या तीन प्रती जोडा' असा शेरा मात्र पडला, आणि मी एका निरंकाच्या तीन झेरॉक्स काढून आणल्या. काउंटरवरच्या माणसाला एपीएल येत नसावं. पण आधी भरायचं आणि मग प्रती काढायच्या, हा क्रम त्याला पक्का ठाऊक होता.

कार्यक्रमात मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या की शाळेची पोरं आणून बसवतात, तेही त्याच जातीचं. पोरांना भाषण कळत नाही, म्हणून ती गप्प बसतात. गप्प बसतात म्हणून वक्त्याला वाटतं, आपलं कळतंय. स्मरणिकेत लेख कमी पडले की 'शुभेच्छुक: एक हितचिंतक'. पुरवणी जोडली की गुण वाढतात, अशी माझी विद्यार्थिदशेपासूनची श्रद्धा. आयव्हर्सन यांच्या भाषेत नसलेल्या आकड्याच्या जागी शून्य येतं. आपल्याकडे त्या जागी काहीही येतं, फक्त शून्य येत नाही. शून्य म्हणजे कुणाचा तरी अपमान.

हे सगळं भाच्याला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुमची पिढी. आम्ही लोक नेमकं तेवढंच ठेवतो."

पुढे त्याचं लग्न ठरलं. पत्रिका तो स्वतः करणार होता. पोरगीही कॉम्प्युटरवाली, दोघांनी मिळून एक चौकोनी, मोकळी, चार ओळींची पत्रिका केली. वधू, वर, वेळ, ठिकाण. खाली इतकी पांढरी जागा की तीवर किराण्याची यादी लिहिता आली असती. ताईनं ती बघितली आणि पाण्याचा पेला खाली ठेवला.

मग बैठक बसली. निमंत्रक कोण? थोरले काका. व्यवस्थापक? सोलापूरचे. त्यांना घातलं तर अणदूरच्यांना कार्यवाहक करायला हवं. कार्यवाहक आणि व्यवस्थापक यांत काय फरक, असं भाच्यानं विचारलं. सगळ्यांनी त्याच्याकडे कीव करून पाहिलं. 'चिमुकल्यांची किलबिल' या सदरात तीन पोरं होती. वधूपक्षाकडे पाच, म्हणून आपल्याकडेही पाच हवीत. आणखी दोन उसनी आणली, त्यातला एक गेल्या वर्षी बारावी झाला आहे. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं त्याच्या तोंडी छापलं गेलं. त्याला दाढी आहे.

चौकोनी पत्रिकेची घडीची झाली. तरी नावं मावेनात. भाचा लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसला. आकड्यांची ओळ लिहिली. सगळीकडे एक. कळ दाबायच्या आधी थांबला.

"मामा, नऊ नावं जास्त होतायत. शून्य कुणाला देऊ?"

मी थोरल्या काकांकडे पाहिलं. ताईनं बार्शीकडे पाहिलं. बार्शी हल्ली आमची आहे. कुणी बोलेना. त्यानं एकेक आकडा खोडून शून्य केला, आणि पुन्हा एक केला. शेवटी लॅपटॉप मिटला, पेन घेतलं आणि पत्रिकेच्या तळाशी हातानं लिहिलं: 'व समस्त आप्तेष्ट आणि मित्रपरिवार.'

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. इतकं सोयीस्कर भरण कुठल्याच कॉम्प्युटरला सुचलेलं नाही. हवे तेवढे लोक त्यात मावतात, लांबी वाढत नाही, आणि कुणाला वगळलं असं म्हणता येत नाही.

पत्रिका पोचल्या. लातूरहून फोन आला. "मी समस्तमध्ये आहे का मित्रपरिवारात?"

"समस्तमध्ये, आत्या."

"मग तिथं माझ्याबरोबर अजून कोण-कोण आहे, तेवढी यादी पाठव."